आसने पाच, प्रवासी आठ

लग्नसराई असो वा देवदर्शन, 'जरा सरकून बसा, होईल सोय' असे म्हणत पाच आसनी मोटारीत सात-आठ जणांना बसविणे हे आपल्याकडील नेहमीचेच दृश्य. तास-दोन तासांची अडचण, एवढेच त्याकडे पाहिले जाते. मात्र, नोंदणी प्रमाणपत्रातील आसनक्षमता केवळ ऐसपैस बसण्यासाठी ठरविलेली नसते. तीत चालकही धरलेला असतो आणि सुरक्षा पट्टे, टायर, ब्रेक यांची रचना त्याच संख्येच्या हिशेबाने झालेली असते.

पहिला धोका पट्ट्यांचा. मागील आसनावरील तीन पट्टे पाच जणांना पुरणार नाहीत, हे उघड आहे. मांडीवरचे मूल आईच्या हातांत सुरक्षित असते, हा समज तर घातकच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो भार पेलण्याइतके बळ लागते. ते कोणाच्याही हातांत नसते.

दुसरा धोका वजनाचा. तीन प्रौढ वाढले, की सुमारे २०० किलोंची भर पडते आणि त्यातील बहुतांश भार मागील चाकांवर येतो. हवा कमी असलेला टायर अशा वेळी दबतो, तापतो आणि फुटू शकतो. मोटार मागे झुकल्याने दिव्यांचा झोत वर जातो व समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. थांबण्यास अधिक अंतर लागते. लांब घाट उतरताना तर ब्रेक तापून त्यांचा जोर ओसरण्याची भीती असते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. भरपाईचा भार त्याहून मोठा ठरू शकतो. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतलेल्या एका बसच्या अपघातप्रकरणी, विमा कंपनीचे दायित्व विमा उतरविलेल्या प्रवासीसंख्येपुरतेच राहील, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. उरलेल्या रकमेची जबाबदारी वाहनमालकावर येते.

म्हणूनच निघण्यापूर्वी माणसांआधी पट्टे मोजावेत. जितके पट्टे, तितकेच प्रवासी. उरलेल्यांसाठी एसटीचे तिकीट काढणे केव्हाही स्वस्तच पडेल.