मॉडेलिंग एजन्सीला पैसे कोण देतं?

जाहिरातीत किंवा मॉडेलिंगमध्ये शिरायचं तर आधी पदरचे थोडे पैसे घालावेच लागतात, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की एजन्सीने पंचवीस हजार मागितले तर मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट पैसे मागितले म्हणजे काम पक्कं, असा अर्थ लावला जातो. या समजुतीवरच नाव नोंदवून घेणाऱ्या, फोटो काढून देणाऱ्या आणि मग फोन उचलणं बंद करणाऱ्या मंडळींचा सगळा व्यवहार चालतो. म्हणून आधी या क्षेत्रातला पैसा कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते नीट पाहायला हवं. साबण किंवा साड्या विकणारी कंपनी जाहिरातीचा खर्च करते. तिची जाहिरात संस्था ते काम प्रॉडक्शन हाऊसला देते, प्रॉडक्शन हाऊस कास्टिंग डायरेक्टरला सांगतं की अमुक वयाचा, अमुक उंचीचा चेहरा हवा, आणि कास्टिंगवाले एजन्सी, को-ऑर्डिनेटर किंवा थेट कलाकारांकडून प्रोफाइल मागवतात. काम झालं की मॉडेलला मानधन मिळतं आणि एजन्सी त्यातून आपलं कमिशन कापून घेते. ते अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे मॉडेलला काम मिळेपर्यंत एजन्सीलाही त्याच्याकडून काही मिळत नाही. अशी एजन्सी माणसं निवडून, थोडी आणि सावकाश घेते, कारण ज्याला काम मिळणार नाही त्याच्यावर वेळ घालवणं तिला परवडत नाही. ज्या एजन्सीची कमाई इच्छुकांच्या खिशातून होते, तिचं गणित याच्या बरोबर उलटं असतं. तिला सगळेच चेहरे चालतात आणि सगळ्यांची निवड लगेच होते. फसवणुकीच्या ज्या खुणा सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेक या उलट्या गणितातूनच निघालेल्या आहेत.

‘पण पोर्टफोलिओ तर लागतोच ना?’ हा यावरचा पहिला आक्षेप, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. जम बसलेल्या मॉडेलला चांगल्या छायाचित्रांचा उपयोग होतो आणि चांगला छायाचित्रकार फुकट काम करत नाही. पण नवख्या माणसाकडून पहिल्या टप्प्यावर जे मागितलं जातं ते फार साधं असतं. मेकअपशिवाय, साध्या भिंतीसमोर, उजेडात मोबाइलवर काढलेले समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचे फोटो, आणि नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगणारा एक छोटा इंट्रो व्हिडिओ. निवड करणाऱ्याला खरा चेहरा पाहायचा असतो. सजवलेला, गुळगुळीत केलेला चेहरा त्याच्या कामाचा नसतो. म्हणून ‘तुमची निवड झाली आहे, फक्त पोर्टफोलिओ आमच्याच स्टुडिओत करावा लागेल’ हे वाक्य ऐकलं की थांबावं. छायाचित्रकाराला पैसे देण्यात गैर काही नाही. गैर आहे ते निवड आणि फोटोशूट एकाच टेबलावर विकणं. तिथे निवड करणाऱ्याचा फायदा काम मिळण्यात नसतो, फोटो विकण्यात असतो. खरंच पोर्टफोलिओ हवा असेल तर तो आपल्या पसंतीच्या छायाचित्रकाराकडून, दोन-चार ठिकाणी दर विचारून करून घेता येतो, आणि त्याला कोणत्याही प्रामाणिक एजन्सीची हरकत नसते. ऑडिशनचंही तसंच. वर्सोव्याच्या आरामनगरसारख्या भागात रोज कितीतरी ऑडिशन होतात; तिथे रांगेत उभं राहावं लागतं, नकार पचवावे लागतात, पण ऑडिशन देण्यासाठी पावती फाडावी लागत नाही.

दुसरी समजूत अशी की करार झाला, पावती मिळाली, म्हणजे व्यवहार सरळ आहे. मला ही सगळ्यात घातक वाटते, कारण आजची फसवणूक कागद टाळत नाही, ती कागदावरच उभी असते. तोंडी सांगितलं जातं की तीन महिन्यांत दोन जाहिराती नक्की, एका मोठ्या ब्रँडशी बोलणं झालंय, मानधन लाखाच्या घरात. पावतीवर मात्र लिहिलेलं असतं ‘फोटोशूट व प्रोफाइल नोंदणी शुल्क’, आणि कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं की काम मिळण्याची कोणतीही हमी दिलेली नाही, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. फोटो खरोखर काढले जातात आणि पेन ड्राइव्हवर हातातही पडतात. त्यामुळे सहा महिन्यांनी माणूस पोलीस ठाण्यात गेला की एजन्सी म्हणते, आम्ही ठरलेली सेवा दिली आहे. मग त्याला ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकून परत यावं लागण्याची शक्यता फार वाढते. प्रत्यक्षात कायदा इतका हतबल नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, जुन्या दंड विधानातल्या ४२० ची जागा आता त्याने घेतली आहे. फसवून रक्कम काढून घेतल्याबद्दल त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या गुन्ह्यात प्रश्न असतो तो सुरुवातीच्या हेतूचा. खोटं आश्वासन देऊन पैसे द्यायला भाग पाडलं होतं का? सही केलेल्या कागदाने तो हेतू पुसला जात नाही, पण तो सिद्ध मात्र करावा लागतो. म्हणून तोंडी दिलेली आश्वासनं लेखी घेणं फार महत्त्वाचं आहे. ‘तुम्ही आज सांगितलंत की ऑगस्टपर्यंत दोन जाहिराती मिळतील, बरोबर ना?’ असा साधा व्हॉट्सअॅप संदेश पैसे भरण्याआधी पाठवावा. खऱ्या एजन्सीचा माणूस लगेच कळवेल की अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. दुसरा माणूस लिहून उत्तर देणं टाळेल आणि फोन करेल.

पोलिसांखेरीज दुसराही रस्ता आहे आणि लोक तो फार कमी वापरतात. पैसे देऊन सेवा घेतली म्हणजे आपण ग्राहक ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींवर दाद मागता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहितीही घेता येते.

कार्यालय चकचकीत आहे, भिंतीवर तारेतारकांसोबतचे फोटो आहेत, वर कंपनी ‘सरकारमान्य’ आहे, यावरही अनेकांचा विश्वास बसतो. भारतात मॉडेलिंग एजन्सी चालवण्यासाठी वेगळा परवाना देणारा कायदाच नाही. मग भिंतीवर टांगलेली प्रमाणपत्रं कसली असतात? जीएसटी क्रमांक सांगतो की कर भरण्यासाठी नोंद झाली आहे. उद्यम नोंदणी उद्योजकाच्या स्वतःच्या माहितीवर होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या छोट्या ठिकाणी तर नुसती सूचना द्यावी लागते. यांपैकी एकाही कागदाचा अर्थ असा होत नाही की सरकारने त्या एजन्सीचं काम तपासून शिक्का मारला आहे. ‘आर्टिस्ट कार्ड’ही असंच विकलं जातं. मुंबईत चित्रपट आणि टीव्ही कलाकारांची सिंटा ही संघटना १९५८ पासून आहे आणि तिचं सभासदत्व मिळवायला शुल्क लागतं, हे खरं. पण ते शुल्क थेट संघटनेला द्यायचं असतं, तिच्या अटी तिच्याकडूनच समजून घ्यायच्या असतात, आणि कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असंही नसतं. एजन्सीच्या टेबलावर पंधरा हजारांत मिळणाऱ्या कार्डाचा याच्याशी संबंध नाही. इतर देशांनी याबाबत कडक भूमिका घेतलेली दिसते. फ्रान्समध्ये मॉडेलिंग एजन्सीला परवाना लागतो, आणि ब्रिटनने २०१० मध्ये मॉडेलकडून आगाऊ फी घेण्यावरच बंदी आणली. मॉडेलकडून आधी पैसे घेणं हीच गडबडीची जागा आहे, असं तिथल्या कायद्यानेही मानलं. आपल्याकडे तशी तरतूद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत समजूत अशी की फसतात ते हावरट किंवा अडाणी पालक. हे अन्यायाचं आहे. मॉलमध्ये कोणीतरी येऊन म्हणतं, ‘तुमच्या मुलीचा चेहरा फार बोलका आहे,’ आणि कोणत्या आईला ते खोटं वाटेल? मग नोंदणीचे पाच हजार, ग्रूमिंगचे पंधरा, कपड्यांचे दहा, मग ‘परत मिळणारी’ अनामत. प्रत्येक रक्कम वेगळ्या नावाने मागितली जाते, आणि मागे फिरलं तर आधीचं सगळं बुडेल या भीतीनेच पुढचा हप्ता निघतो. शिकलेली, नोकरी करणारी माणसं यात अडकतात ती मोहापेक्षा या भीतीमुळे. इथे पालकांच्या हाती एक चांगली कसोटी मात्र आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांच्या कामाला अटी घातल्या. चित्रीकरणाआधी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, सलग सत्तावीस दिवसांपुढे काम न्यायचं नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. ‘परवानगी कोण काढणार आणि वीस टक्क्यांची ठेव कशी होणार?’ एवढं विचारावं. जी एजन्सी रोज मुलांचं काम करते तिला हे पाठ असतं. दुसरी गोष्ट, लहान मुलाचा चेहरा चार-सहा महिन्यांत बदलतो, म्हणून चाळीस हजारांचा पोर्टफोलिओ त्याच्या बाबतीत निरर्थकच आहे.

आता थोडं आक्षेपांकडे. नव्या, छोट्या एजन्सीकडे भांडवल नसतं, तिने थोडी फी घेतली तर काय बिघडलं, असं काही जण म्हणतात. नवी एजन्सी प्रामाणिक असू शकते. पण तिचं भांडवल उभारायची जबाबदारी अजून एकही काम न मिळालेल्या मुलीवर का असावी? खर्च खरंच झाला असेल तर तो पहिल्या मानधनातून वळता करता येतो, आणि अनेक ठिकाणी तसं केलं जातं. सौंदर्यस्पर्धा प्रवेशशुल्क घेतात, अभिनयाचे वर्ग फी घेतात, हेही खरं. तिथे स्पर्धा किंवा शिक्षण विकलं जातं आणि तसं सांगूनच विकलं जातं. शिक्षणाच्या नावावर नोकरी विकायला लागले की तेही याच रांगेत येतात. परदेशी पाठवणारे एजंट फी घेतात, तीही कायदेशीरपणे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकंच घेऊ शकतो. पण त्याच्या नोंदणीचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. दुबईत शो आहे, पासपोर्ट आणि दीड लाख द्या म्हणणाऱ्याकडे तो क्रमांक नसेल तर बोलणं तिथेच संपवावं.

पैशांखेरीज आणखी एक किंमत मागितली जाते, आणि ‘या लाइनमध्ये कॉम्प्रमाइज करावंच लागतं’ या वाक्याने ती जणू प्रवेशाची अट असल्यासारखी मांडली जाते. ती अट नाही, गुन्हा आहे. नोकरीचं खोटं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली येतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागू होतो. पहिल्या संपर्कातच अंतर्वस्त्रांतले फोटो मागणारा, रात्री व्हिडिओ कॉलवर ‘बॉडी चेक’ करायचंय म्हणणारा किंवा एकटीलाच हॉटेलच्या खोलीवर बोलावणारा माणूस मापं घेत नसतो, पुढे धमकावण्यासाठी साहित्य गोळा करत असतो. असे फोटो गेलेच असतील तर संदेश पुसून टाकू नयेत, घरात एका तरी माणसाला सांगावं आणि तक्रार करावी. गप्प राहण्याने मागणी थांबत नाही, वाढते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर दिसलेलं नाव कंपनीचं होतं की कुणा व्यक्तीचं, याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा; पुढे तपासात तो कामी येतो. पावती, करार, जाहिरातीची पोस्ट आणि कार्यालयाच्या पत्त्यासह बाहेरच्या पाटीचा फोटोही घेऊन ठेवावा, कारण या पाट्या फार दिवस टिकत नाहीत. आणि अशा तक्रारीनंतर काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर तोही याच साखळीतला असू शकतो, कारण फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. १९३० वरची तक्रार विनामूल्य आहे.