बेटाची उंची ठरते कशी?

सिलिकॉनचा तुकडा अतिनिर्वात भांड्यात क्षणभर सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, सावकाश निवू द्यायचा, मग 200 केल्विनच्या आसपास थंड ठेवून त्यावर शिशाची वाफ सोडायची. आधी शिशाचे पातळ अस्तर बसते. नंतर आलेल्या अणूंची बेटे होतात. ती पाहत राहावीत अशी असतात : कडा उभ्या, माथा रंधा मारल्यासारखा सपाट. त्यांत सात थरांची, म्हणजे जेमतेम 2 नॅनोमीटर उंचीची बेटे फार. सहा किंवा आठ थरांची विरळा. माझ्या मते ही निवड अणूंच्या रचाईपेक्षा आत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची आहे. वर निर्वात, खाली सिलिकॉन. या दोन भिंतींमध्ये इलेक्ट्रॉनची लहर ताणलेल्या तारेसारखी ठरावीक स्वरच धरते. टनेलिंग सूक्ष्मदर्शकाची सुई माथ्यावर स्थिर धरून विद्युतदाब बदलत नेला, की आलेखात त्या स्वरांची शिखरे दिसतात, आणि एका थराच्या फरकाने ती सरकतात. शिशाच्या दोन थरांची जाडी तिथल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीच्या साधारण दीडपट भरते. म्हणून दर दोन थरांनी तीच सोयीची स्थिती जवळपास परत येते.

सूक्ष्मदर्शकाला उंची दिसतच नाही, इलेक्ट्रॉनच दिसतात, ही शंका रास्त आहे. 1997 साली अल्टफेडर आणि सहकाऱ्यांना वरून सपाट असलेल्या शिशाच्या पाचरीवर उजळ-गडद पट्टे दिसले. ते खाली गाडलेल्या सिलिकॉनच्या पायऱ्यांमुळे बदलणाऱ्या जाडीचे होते. पण उंचीची हीच आवडनिवड इलेक्ट्रॉन व क्ष-किरणांच्या विवर्तनातही आढळली आहे, आणि तिथे सुईचा संबंध नाही. दुसरा आक्षेप ताणाचा : शिसे आणि सिलिकॉन यांची अणुजाळी जुळत नाही, मग उंची त्यानेच ठरत नसेल? ताणाचा वाटा असेलही. पण नुसता ताण उंचीबरोबर एकाच दिशेने बदलत जाईल, सम-विषमाचा खेळ करणार नाही. शिवाय ती दीडपट नेमकी नसल्याने सुमारे नऊ थरांनंतर सम-विषमाची बाजू पालटते, आणि गणितही तेच सांगते. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते : खालचे अस्तर बदलले की आवडती उंचीही बदलते. इलेक्ट्रॉनची लहर त्या भिंतीवरून कशी परतते यावर स्वर ठरत असल्याने तसे व्हायलाच हवे. 2004 साली बीजिंगच्या संशोधकांनी सिलिकॉनवरील शिशाच्या अखंड पापुद्र्यांत हाच खेळ अतिवाहकतेत मोजला : ज्या तापमानाला रोध नाहीसा होतो, एरवी 7.2 केल्विन, तेच थरागणिक वरखाली होत होते.