दुसऱ्या आठवड्यातील भूक

तळलेले पदार्थ सोडले, साखर आवरली, पहाटे तासभर चालणे आरंभिले. आणि दुसऱ्याच आठवड्यात सकाळी अकरा वाजता भुकेने जीव कासावीस होऊ लागला. पुष्कळांचा संकल्प मोडतो तो येथेच, आणि दोष मात्र मनोबलाच्या माथी मारला जातो. हा बराचसा अन्याय आहे. वजन उतरू लागले की मेदपेशींतून स्रवणारे, तृप्तीची वार्ता मेंदूस देणारे लेप्टिन घटते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेले, मुख्यतः जठरात तयार होणारे घ्रेलिन वाढते. शरीर आपला साठा राखू पाहते, इतकेच.

खरी चूक बहुधा ताटात असते. तेल-साखरेबरोबर पोटास आधार देणारे अन्नही वगळले जाते आणि न्याहारीला चहा व दोन बिस्किटे उरतात. शंभर ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ती सकाळी दोन-तीन तास भिजवून धिरडी केली व जोडीला दुधीची भाजी घेतली, तर दुपारपर्यंत निभावते. मोड आलेली कडधान्ये वर्ज्य मानणाऱ्या घरांनाही यात अडचण नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी तर सायंकाळच्या वरणाला कात्री लावूच नये. रात्र मोठी असते. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी. उपाशी पोट नव्हे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना मात्र घाम व थरथर यांसह अकस्मात लागणारी भूक ही रक्तातील साखर उतरल्याची खूण असू शकते. तेथे संयम नको. तत्काळ साखर घ्यावी आणि औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे.