जुन्या खेळयंत्राचे नवे आयुष्य

वाचकहो, आपल्या कपाटाचा एखादा खण उघडून पाहा. जुने चार्जर आणि बंद पडलेली घड्याळे ह्यांच्या सोबतीला मुलांचे एखादे हाती धरून खेळण्याचे यंत्रही तेथे आढळण्याचा संभव आहे. बंगळूरच्या बेळ्ळंदूरसारख्या उपनगरात, जेथे संगणकावर उपजीविका करणारी मराठी कुटुंबेही वस्तीला आहेत, यंत्रे फार लवकर जुनी ठरतात. परंतु जुने म्हणजे निरुपयोगी, असे मात्र नव्हे.

सोनी कंपनीचे 'व्हीटा' हे यंत्र 2011 साली जपानमध्ये विक्रीस आले व 2019 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कंपनीने हात आखडता घेतला, तरी हौशी जाणकारांनी तो घेतला नाही. कंपनीच्या मान्यतेवाचून अशा यंत्रांसाठी घरच्या घरी रचलेल्या आज्ञावलींना 'होमब्रू' म्हणतात. 2021 मध्ये अँडी न्युएन ह्या तंत्रज्ञाने मोबाइलवरील 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा प्रौढांसाठीचा खेळ व्हीटावर चालवून दाखविला.

हे साधले कसे? व्हीटाचा प्रक्रियक आणि मोबाइलचा प्रक्रियक एकाच 'आर्म' घराण्यातील. त्यामुळे खेळाची मूळ आज्ञावली यंत्रास समजते. अँड्रॉइड प्रणालीकडून तिला जे साहाय्य मिळावयाचे, तेवढे पुरविणारा एक दुभाषी मध्ये बसवावा लागतो. ह्या दुभाष्यात खेळ नसतो. खेळणाऱ्याने विकत घेतलेल्या आपल्या प्रतीतील सामग्री त्यास पुरवावी लागते.

मोबाइल हाताशी असता हा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. मोबाइलवरील खेळ अल्पायुषी असतात. 2017 मध्ये ॲपलची अकरावी प्रणाली आली आणि 32 बिटांचे जुने खेळ तीवर चालेनासे झाले. पैसे मोजून घेतलेले खेळही त्यातून सुटले नाहीत. व्हिएतनामच्या डाँग न्युएन ह्यांनी 'फ्लॅपी बर्ड' हा आपला खेळ 2014 च्या फेब्रुवारीत स्वतःच मागे घेतला. पुस्तक छापणे बंद झाले, तरी आपल्या फळीवरील प्रत टिकते. खेळांच्या बाबतीत तशी फळी ही जुनी यंत्रे होऊ शकतात.

येथे विवेक हवा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52, 1999 च्या दुरुस्तीनंतर, रीतसर मिळविलेल्या स्वतःच्या प्रतीवरून संगणकीय आज्ञावलीची नक्कल किंवा रूपांतर वैयक्तिक, बिनव्यापारी उपयोगासाठी करू देते. ती नक्कल इतरांस वाटण्याची वा विकण्याची मुभा त्यात नाही. ज्यांना निःशंक आरंभ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी '2048' हा अंकांचा खेळ उत्तम. इटलीच्या गाब्रिएले चिरुली ह्या तरुणाने तो 2014 मध्ये आज्ञावलीसह सर्वांस मुक्त केला.

यंत्राच्या मूळ प्रणालीत फेरफार करताना चूक झाल्यास ते कायमचे बंद पडू शकते, हे ध्यानी असावे. म्हणून आधी यंत्रातील संग्रहाची प्रत काढून ठेवावी. विजेरी फुगली असेल तर यंत्र चार्ज करू नये. जाणत्या कारागिराकडून ती बदलून घ्यावी. बंगळूरकरांस त्यासाठी सदर पत्रप्पा रोडची बाजारपेठ आहेच.

ही कामे मुलांना जवळ बसवून करावीत. खेळ कसा चालतो हे पाहिलेले मूल उद्या स्वतःचा खेळ रचण्यास धजेल. आणि दुसऱ्याच्या श्रमाचे मोल ओळखूनच तो रचावा, हेही त्यास वेगळे शिकवावे लागणार नाही.