वेग कोठे अडतो?

पैसा अधिक ओतला की उत्पादन आपोआप वाढते, हा समज अर्थशास्त्राचा सामान्य विद्यार्थीही मान्य करणार नाही. पैसा नेमका कोठे ओतला, हा खरा प्रश्न असतो. कार्यालयातील फाइल सर्वांत संथ टेबलाच्या गतीनेच पुढे सरकते. अन्य टेबलांवर माणसे वाढवून काही साधत नाही. विज्ञानाची उपकरणेही या नियमास अपवाद नाहीत. अणुबल सूक्ष्मदर्शकाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गेर्बर यांनी १९८६ साली हे उपकरण जगापुढे आणले. त्यात पाहण्याचे काम भिंग करीत नाही. ब्रेल लिपीवरून बोट फिरावे, त्याप्रमाणे लवचीक पट्टीच्या टोकाची अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरते आणि चढउतारांचा नकाशा तयार होतो. या रीतीने पाण्यातील प्रथिनेही चाचपता येऊ लागली. परंतु एका चित्रास कित्येक मिनिटे लागत आणि प्रथिनांची हालचाल सेकंदाच्या अंशात आटोपे. चित्र मिळे, पण घटना निसटून जाई.

मग सुई वेगाने का फिरवू नये? तसे केल्यास सुई व नमुना यांतील अंतर सावरणारी यंत्रणा मागे पडते, सुई उंचवट्यावर आदळते आणि नाजूक रेणू मोडतो. पट्टी, नमुना सरकविणारा मंच आणि नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल या तिघांपैकी जो मंद, तोच वेग ठरवितो. पट्टी नुसती जाड केली तर ती चपळ होते, पण ताठरही होते. लांबी, रुंदी व जाडी तिन्ही घटविल्या, तरच चपळपणा येऊनही लवचीकपणा टिकतो.

जपानच्या कानाझावा विद्यापीठातील तोशिओ आंदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही अडसरांना एकत्रितपणे हात घातला. सुमारे १० मायक्रोमीटर लांबीच्या पट्टीच्या साहाय्याने त्यांनी २००१ साली ८० मिलिसेकंदांत एक चित्र टिपले. एवढ्याने काम भागले नाही. रेणूच्या कार्यात व्यत्यय न आणता त्याचे चित्रण करणे बाकी होते. २०१० साली ते साधले. पेशीत ओझे वाहून नेणारे मायोसिन-५ हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूवरून सुमारे ३६ नॅनोमीटरची पावले टाकीत जाताना प्रत्यक्ष दिसले. तोवर या चालीविषयी अप्रत्यक्ष पुराव्यांवरून अनुमान करावे लागत होते.

मधल्या त्या नऊ वर्षांचे मोल कोणत्या रकान्यात मांडावयाचे? तयार उपकरणाच्या खरेदीसाठी अंदाजपत्रकात तरतूद करणे सोपे असते. पट्टी, मंच व मंडल यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजणारी माणसे एकत्र टिकवून ठेवणे कठीण असते. कारण त्यांचे फळ वार्षिक अहवालाच्या मुदतीत हाती येत नाही. परंतु नवे उपकरण घडविणाऱ्यास जे प्रथम दिसते, ते विकत घेणाऱ्यास नंतरच पाहावयास मिळते. संशोधनावर किती खर्च झाला, हे विचारताना आपण आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: त्यातील किती पैसा अडसर जेथे आहे तेथपर्यंत पोहोचला?