न दुखणारा चट्टा

पाठीवर किंवा दंडावर एक फिकट, लालसर चट्टा उठतो. खाजत नाही, दुखत नाही. माणूस रोज कामाला जातो, फार तर मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणून लावतो. कुष्ठरोगाच्या निदानाला उशीर होतो तो इथेच.

नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू कमालीचा संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी कधी वीसही. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो. म्हणून तो कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय आणि कातडीलगतच्या नसा गाठतो. नस निकामी झाली की स्पर्श हरपतो; चूल पेटवताना बोट भाजलं तरी कळत नाही, चालताना पायातली चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही.

तपासणी मात्र किती साधी! रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं. बॉलपेनचं टोक आधी चांगल्या कातडीवर हलकेच टेकवायचं; तो नेमकं तिथे बोट ठेवतो. मग टोक चट्ट्यावर टेकवायचं. बोट हललंच नाही, तर तो चट्टा बधिर आहे. पाठोपाठ कोपरामागची नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली तर संशय बळावतो. घरोघरच्या कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताईंसोबत एक पुरुष स्वयंसेवक असतो तो याचसाठी, कारण चट्टा बऱ्याचदा कपड्यांखाली असतो.

लहान मुलात हा आजार सापडला, तर त्या वस्तीत संसर्ग आजही चालू आहे असं समजावं. घरातल्या सगळ्यांना लगेच तपासायला हवं. आजार नसलेल्या सहवासितांना रिफॅम्पिसिनचा एक डोस दिला की धोका बराच कमी होतो.

२००५ अखेर देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि 'निर्मूलन' जाहीर झालं. त्या घोषणेनं आपण बेफिकीर झालो, असं माझं स्पष्ट मत आहे. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, आणि आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर-गडचिरोलीतली झळ अजून ओसरलेली नाही.

सहा ते बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचारानं रोग पुरता बरा होतो, पण मेलेली नस सहसा परत येत नाही. अंगावर न दुखणारा चट्टा असेल तर आजच पेनचं टोक टेकवून पाहा. कळलं नाही, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. औषध मोफत मिळतं.