तबेल्याची तपासणी

मुंबईतल्या म्हशी भरवस्तीतून हलवण्यासाठी १९४९मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तरी उपनगरांत खासगी तबेले राहिलेच. लाखावर वस्तीच्या शहरात नफ्यासाठी पाच किंवा अधिक गुरं ठेवणाऱ्या जागेची नोंदणी १९७८च्या केंद्रीय नियमांनी सक्तीची केली आहे.

तपासणाऱ्यानं कागदांआधी जनावर पाहावं. गुडघ्यांवर जखमा असतील, तर फरशी कडक किंवा निसरडी असणार. खूर वाढलेले असले, तर म्हैस दावणीवरून फारशी सुटत नाही. म्हशीला घाम कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात तिच्या अंगावर पाणी पडतं का, हे विचारायलाच हवं. रेडकं तर मोजूनच घ्यावीत. दूध विकायचं असल्यानं नर रेडकाची आबाळ होते. ते मेलं, की पान्हा फुटावा म्हणून म्हशीला ऑक्सिटोसिन टोचलं जातं.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२नुसार दुधासाठी असं अपायकारक टोचणं हा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा. आखूड दाव्यानं जखडून ठेवण्याला मात्र कलम ११खाली पहिल्या वेळी जास्तीत जास्त ५० रुपये दंड. ही रक्कम तातडीनं वाढवायला हवी.